कोयनेचं देणं माझ्याही नावावर लिहा

माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



मी ठाण्यात राहतो, महावितरणचं बिल भरतो. संध्याकाळी राज्याची विजेची मागणी एकदम चढते, तेव्हा कोयनेची जनित्रं कामाला येतात. 1,960 मेगावॅटचा हा प्रकल्प. त्याला आपण महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतो, आणि हा अभिमान मलाही आहे. म्हणूनच कोयना धरणग्रस्तांचं रखडलेलं पुनर्वसन मी 'शासनाचं काम' म्हणून सोडून देऊ शकत नाही.

कोयनेच्या पोफळी वीजगृहात 1962 साली वीज तयार होऊ लागली. पाटण-जावळीतली गावं धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली. कुणाला सोलापूर, सांगली, रायगडकडे धाडलं. कुणी वरच्या अंगाला डोंगरातच राहिले, तर 1985 मध्ये तिथे अभयारण्य आलं. पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला 1976 साली, म्हणजे माणसं उठवून झाल्यावर! 2018 मध्ये कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या दिला, तेव्हाही मागणी पर्यायी जमिनीचीच होती.

या माणसांच्या पिशवीत काय असतं, ते पाहा. आजोबांचा सातबारा, धरणग्रस्तांच्या नोंदींच्या संकलन रजिस्टरचा उतारा, वारस दाखला, अर्जांच्या पोचपावत्या. घडीवर फाटलेल्या, चिकटपट्टीने जोडलेल्या. वारस असल्याचं नातवाने पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं. आणि आम्ही? बापाची मिळकत घेणाऱ्याला बापाचं कर्जही फेडावं लागतं. धरणाचं काम सुरू झालं तेव्हा मी जन्मलो नव्हतो, महाराष्ट्र राज्यही नव्हतं. पण वीज तर मी आजही घेतो. जमिनी घेतल्या त्या जनतेच्या नावाने, आणि त्या जनतेत मी आहे. 'हे आधीच्या सरकारांचं पाप' असं कुठल्याच पक्षाने म्हणू नये. धरण वारशाने घेतलंत, तर देणंही घ्या.

माझी मागणी साधी आहे. गावनिहाय हिशेब जाहीर करा: कोणत्या खातेदाराची किती जमीन गेली, बदल्यात किती मिळाली, सातबारा नावावर चढला का, नव्या गावठाणात पाणी आणि रस्ता पोचला का. उरलेल्या प्रत्येक प्रकरणाला तारीख द्या. पैसा कमी पडत असेल तर आम्हा वीजग्राहकांच्या बिलात अधिभार लावा आणि तो कशासाठी आहे हे बिलावर स्पष्ट छापा. मी तो भरीन. कुरकुर करणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलायची जबाबदारीही घेतो. हेच पत्र माझ्या आमदारांनाही देत आहे. विधानसभेत त्यांनी हा हिशेब मागावा, अशी त्यांचा मतदार म्हणून माझी अपेक्षा आहे.

आपला,
ठाण्यातील एक वीजग्राहक