आकडा बदलण्याची मुभा

नाणेघाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. सातवाहनांनी केलेल्या यज्ञांची दक्षिणा त्यात मोजून लिहिली आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या आकड्यांत या आकड्यांची गणना होते. दहा, शंभर, हजार यांना तिथे वेगवेगळी चिन्हे आहेत. शून्य आणि स्थानिक किंमत अजून दूर होती. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी हे आकडे लावले. जुन्नर तालुक्यातल्या शाळांच्या सहली घाटात जातात, दगडी रांजण बघतात, कड्यावर फोटो काढतात. आकड्यांपाशी फारसे कुणी थांबत नाही.

या मुलखात आकडा सुरुवातीपासून हिशेबाचा. आधी राजाच्या दानाचा आणि घाटावरच्या जकातीचा, पुढे बाजाराचा आणि महसुलाचा. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवून झाले की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. या पाठांतराला नाके मुरडण्याची पद्धत आहे. पण पावणेतीन शेर धान्याचा भाव तोंडी सांगणारा माणूस त्याच शाळेने घडवला. शाळेचा हेतू तेवढाच होता आणि तो पुरा होत असे. १८२०च्या दशकात इंग्रज अधिकारी जॉर्ज जर्व्हिस यांनी पाश्चात्त्य गणिताची पुस्तके मराठीत आणली, तेव्हा बीजगणित आणि भूमिती आली, सिद्धता आली. बदलली नाही ती एकच गोष्ट: उत्तर आधीच ठरलेले असायचे आणि मुलाने ते गाठायचे.

प्रयोगशाळा आली तरी ते सुटले नाही. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे, म्हणून आधी ९.८ लिहायचे आणि मग निरीक्षणांचे रकाने मागून भरायचे, ही कला महाराष्ट्रात दहावी-बारावी झालेल्या कुणाला शिकवावी लागत नाही. पन्नास मुलांत एक स्टॉपवॉच आणि तेही सरांच्या हातात, अशा ठिकाणी दुसरे काय होणार?

आता संगणकावरच्या आभासी प्रयोगांकडे, म्हणजे ज्यांना सगळे सिम्युलेशन म्हणतात त्यांच्याकडे बघू. २००१चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यांतली बरीच मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या पलीकडे, जिथे रेंज मिळायला टेकाडावर चढावे लागते, तिथे ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची.

त्यांतला लंबक घ्या. गोळा जड करता येतो, दोरी लांब करता येते. ‘जड गोळा लवकर झुलेल’ असे बहुतेक मुले पैजेवर सांगतात. गोळा जड केला जातो आणि वेळ तसूभर हलत नाही. मग दोरी एक मीटरची ठेवून लंबक पृथ्वीवरून चंद्रावर न्यायचा: इथे एका झोक्याला जेमतेम दोन सेकंद लागत होते, तिथे जवळजवळ पाच. पहिला भाग सुतळी आणि दगड घेऊन वर्गात करता येतो आणि तो तसाच केला पाहिजे. पडद्यावर करणे हा आळस आहे. चंद्र मात्र सुतळीने मिळत नाही. पडद्याची हद्द तिथून सुरू होते.

‘पडद्यावरचे विज्ञान खरे नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी खोडदला जाऊन यावे. जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या भागात दाट, सोळा इंग्रजी ‘वाय’सारख्या तीन फाट्यांवर लांब लांब. तिथे डोळा लावायला दुर्बिणीची नळी नाही. प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहिला जातो आणि आकाशाचे चित्र गणिताने बांधले जाते. तीस तबकड्यांच्या जोड्या किती? तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन, म्हणजे ४३५. नारायणगावच्या सातवीतल्या मुलीला हे गणित हस्तांदोलनाच्या उदाहरणाने घालतात. तिच्या शेताच्या बांधावरून दिसणाऱ्या तबकड्यांनी का घालू नये? खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण इथे उभारली, त्याच्या कितीतरी आधी, १९७१मध्ये, जवळच्या आर्वीत देशाचे उपग्रह दळणवळण केंद्र सुरू झाले होते. आकाशाशी बोलायला देशाने दोनदा जुन्नर तालुका निवडला. २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते, शाळांची मुले स्वतः केलेली उपकरणे मांडतात. ते प्रदर्शन सोडले तर ही दुर्बीण आसपासच्या वर्गांत क्वचितच शिरते.

सिम्युलेशनचे भाबडे कौतुकही नको. विद्युतमंडलाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरीचे व्होल्टेज कमी केले की प्रवाह कमी होतो, दिवा मंद होतो. इथल्या शेतकऱ्याच्या घरातले मूल उठून विचारेल, ‘मग व्होल्टेज कमी झालं की आमची मोटार का जळते?’ प्रश्न बिनतोड आहे. मोटारीला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून व्होल्टेज पडले की ती जास्त प्रवाह ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. दिव्याचा नियम तिला तसाच लावता येत नाही. हे सिम्युलेशनमध्ये नाही. रात्रीची लाइट आल्यावर पंप चालू करायला जाणाऱ्या घरात आहे. ज्या वर्गात हा प्रश्न विचारला जाईल, तो वर्ग शिकतो आहे. ‘ते अभ्यासक्रमात नाही’ असे उत्तर मिळाले, तर नव्या यंत्रातून पुन्हा ९.८च बाहेर येणार.

खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तिनेच १९७४मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात त्याच्या सुरुवातीच्या कामातून एक गोष्ट पुढे आली: ग्रामीण मुलाला विज्ञानाआधी पाठ्यपुस्तकाची भाषा अडवते. पडद्यावरचे बटण ती अडचण थोडी हलकी करते, कारण ‘दोलनकाल’ शब्द कळण्याआधी दोलनकाल दिसतो.

गेल्या दशकात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. गावांनी खिशातून पैसे घातले, त्याचे मोल कमी नाही. पण बऱ्याच ठिकाणी भिंतीवर एक टीव्ही लागला आणि मुले कविता बघू लागली. रिमोट सरांच्याच हातात, जसे पूर्वी स्टॉपवॉच होते. शिवाय यंत्रे म्हातारी होतात: २०२० संपताना ‘फ्लॅश’ हे सॉफ्टवेअर बंद झाले आणि त्यावर उभी असलेली शैक्षणिक सामग्री रातोरात निकामी झाली. म्हणून पुढच्या टॅबखरेदीची निविदा काढण्याआधी पंचायत समित्यांनी शाळांच्या प्रत्येक केंद्रातल्या शिक्षण परिषदेचा एक अख्खा दिवस एकाच सिम्युलेशनला द्यावा. परिपत्रकांचे वाचन त्या दिवशी राहू द्यावे. शिक्षकांनी स्वतः आधी अंदाज लिहावा, मग आकडा बदलावा, अंदाज चुकला तर का चुकला यावर आपसांत भांडावे. मोटारीचा प्रश्नही तिथेच काढावा, आणि गावातल्या वाइंडिंगवाल्याला त्या दिवशी बोलावून घ्यावे.