दवाखान्याची पट्टी आधी गावाने भरली



कापसाचा चुकारा हाती आला की तो कुठे कुठे जातो, याचा हिशेब आपण बैठकांतून अनेकदा मांडला आहे. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सोसायटीचा हप्ता, कृषी केंद्राची उधारी. या हिशेबात एक रकाना नेहमी शेवटी येतो आणि पुष्कळदा सगळ्यांत मोठा निघतो. तो म्हणजे दवाखाना. पीककर्ज पिकापुरते मिळते; घरातल्या बाईच्या ऑपरेशनसाठी बँक आपल्याला दारात उभे करत नाही. मग सावकार, मग दागिना, मग बैलजोडी आणि शेवटी एकर-दोन एकर. भाव पडला तर घर एका हंगामाने मागे जाते. घरात मोठे दुखणे आले तर चांगल्या भावाचा हंगामही ते घर वाचवू शकत नाही.

निवडणूक जवळ आली की विरोधी पक्षाचा पुढारी नेमका या रकान्यावर बोट ठेवतो. आमचे राज्य आणा, उपचार फुकट करून देतो, म्हणतो. त्याचे राज्य येते. मग कालचा सत्ताधारी विरोधी बाकावर बसतो आणि तेच भाषण तो करू लागतो. मधल्या काळात आपल्याला मिळते ते एक आरोग्य शिबिर, चष्म्यांचे वाटप आणि पुढाऱ्याचा फोटो लावलेली रुग्णवाहिका. तेव्हा आमच्यापुढे सरळ प्रश्न आहे. विरोधी पुढाऱ्याच्या मागणीतून दवाखान्याची व्यवस्था खरोखर कधी उभी राहिली आहे काय?

राहिली आहे. ती कोणी उभी केली हे पाहायचे तर कॅनडातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांचा हिशेब वाचावा लागतो.

पावसावरचा मुलूख

सस्कॅचेवान हा कॅनडाचा गव्हाचा प्रांत. सपाट माळ, लांब हिवाळा, पाऊस बेभरवशाचा. १९३० नंतरच्या दहा वर्षांत तिथे दोन संकटे एकदमच आली. जगाच्या बाजारात गव्हाचा भाव कोसळला आणि दुष्काळाने शेतातली माती वाऱ्याबरोबर उडून गेली. डॉक्टरची फी द्यायला शेतकऱ्याकडे रोकड नव्हती. कोणी कोंबडी द्यायचा, कोणी बटाटे, कोणी सरपण. डॉक्टरचेही पोट भरेना. तोही गाव सोडून शहराकडे निघायचा.

या गावांनी यावर तोड काढली होती ती दुष्काळाच्याही आधी. सार्निया नावाच्या ग्रामीण पंचायतीतला डॉक्टर जायला निघाला, तेव्हा १९१४-१५ च्या सुमारास पंचायतीने त्याला वर्षाला दीड हजार डॉलर कबूल केले आणि ती रक्कम सर्वांच्या करातून भरली. प्रांताच्या सरकारने १९१६ मध्ये कायदा दुरुस्त करून ही पद्धत मान्य केली. दोन-चार पंचायतींनी मिळून इस्पितळ बांधावे, यासाठीही त्याच वर्षी कायदा झाला. पुढे मॅकिलप पंचायतीत मॅट अँडरसन नावाच्या शेतकऱ्याने माणशी वार्षिक पट्टी बसवून डॉक्टर आणि इस्पितळ दोन्हींचा खर्च त्यातून भागवण्याची योजना गावकऱ्यांच्या मताने मंजूर करून घेतली. तिला वाट करून देणारा १९३९ चा कायदा लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. १९४४ पर्यंत अशा तऱ्हेने डॉक्टर बांधून घेणाऱ्या ग्रामीण पंचायती शंभरावर गेल्या होत्या.

यात दानधर्म नव्हता. दुखणे कोणाच्या घरी येईल हे सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनी थोडे थोडे आधीच भरायचे, एवढा हा व्यवहार. आणि आपल्या लक्षात यावी अशी एक गोष्ट यात आहे. डॉक्टरला ठरलेले पैसे ठरलेल्या वेळी मिळू लागले म्हणून डॉक्टर गावात टिकला. आपण पिकाला हमीभाव मागतो. त्या गावांनी डॉक्टरला हमीभाव दिला.

पुढारी नंतर आला

टॉमी डग्लस यांचा जन्म १९०४ चा, स्कॉटलंडमधला. लहानपणी कुटुंब कॅनडात विनिपेगला आले. पायाच्या हाडाला पू झाला आणि पाय कापावा लागेल अशी वेळ आली. एका नामांकित शल्यचिकित्सकाने आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस विनामूल्य घेतली आणि पाय वाचला. डग्लस पुढे आयुष्यभर हे सांगत राहिले. पाय वाचला तो नशिबाने, आणि पोराचा पाय बापाच्या खिशावर किंवा नशिबावर सोडू नये, हा त्यांचा मुद्दा.

मोठेपणी ते वेबर्न या गावात धर्मोपदेशक झाले. शेतकरी संघटना आणि मजुरांचे गट एकत्र येऊन १९३२ मध्ये कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन नावाचा पक्ष निघाला. त्याच्या १९३३ च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक आरोग्यसेवेचे कलम होते. डग्लस १९३५ मध्ये या पक्षाचे खासदार झाले आणि नऊ वर्षे ओटावाला विरोधी बाकावर बसले. १९४४ च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या आणि डग्लस सस्कॅचेवानचे मुख्यमंत्री झाले.

सत्ता आली म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे फुकट, असे त्यांनी केले नाही. आधी पेन्शनवरचे वृद्ध आणि कर्करोगाचे रुग्ण. मग १९४६ मध्ये स्विफ्ट करंट भागात लोकांचे मत घेऊन, माणशी पट्टी आणि जमिनीवरचा कर लावून डॉक्टर व इस्पितळ यांची पूर्ण योजना. मग १ जानेवारी १९४७ पासून सबंध प्रांतासाठी इस्पितळ योजना, पट्टी माणशी वर्षाला ५ डॉलर. डॉक्टरच्या फीची योजना तिजोरीला झेपेपर्यंत थांबली. केंद्र सरकारने इस्पितळांच्या खर्चाचा वाटा १९५८ पासून उचलायला सुरुवात केली, प्रांताचे पैसे मोकळे झाले आणि १९६० ची निवडणूक डग्लस यांनी याच एका प्रश्नावर लढवून जिंकली.

तेवीस दिवस

नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला. त्याच महिन्यात डग्लस नव्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेतृत्व करायला पुन्हा ओटावाच्या राजकारणात गेले आणि वुड्रो लॉईड मुख्यमंत्री झाले. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप तेवीस दिवस चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. काही शहरांत लोकांनी वर्गणी काढून सहकारी दवाखाने उघडले. त्यांतले काही आजही चालू आहेत. २३ जुलैला तडजोड झाली.

डॉक्टरांची भीती अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. आपला स्वतंत्र धंदा सरकारी नोकरी होईल, ही ती भीती. सरकारी खात्याच्या हाती आपला धंदा गेल्यावर काय होते हे कापूस एकाधिकाराच्या रांगेत गाड्या उभ्या केलेल्यांना कोणी शिकवायला नको. तडजोडीत डॉक्टरांचा धंदा स्वतंत्र राहिला. ते दर रुग्णामागे फी घेत राहिले. फी मात्र रुग्णाच्या खिशातून न जाता सर्वांच्या पट्टीतून जाऊ लागली.

डग्लस स्वतः जून १९६२ ची लोकसभेची निवडणूक रेजायना शहरात हरले. डॉक्टरांचा विरोध त्यांना भोवला. काही महिन्यांनी ते दुसऱ्या प्रांतातून पोटनिवडणुकीत निवडून आले. १९६४ मध्ये लॉईड यांचे सरकारही पडले. पण त्यांना हरवून आलेल्या लिबरल सरकारने योजना मोडली नाही. मोडण्याची हिंमतच नव्हती. ती तोवर घराघरांत पोचली होती.

विरोधी बाकावरून

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लिबरल पक्षाने आरोग्यविम्याचे आश्वासन आपल्या कार्यक्रमात घातले होते ते १९१९ मध्ये. देशाचा कायदा झाला डिसेंबर १९६६ मध्ये. सत्तेचालीस वर्षे! पुढाऱ्याच्या जाहीरनाम्याचे आयुष्य किती असते, याची कल्पना यावरून यावी.

मग १९६६ मध्ये असे काय घडले? पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांच्याकडे बहुमत नव्हते. डग्लस यांच्या पक्षाचे खासदार १९६३ मध्ये १७ आणि १९६५ मध्ये २१, पण त्यांच्यासारख्यांच्या मतांवाचून सरकार चालत नव्हते. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ मध्ये सस्कॅचेवानसारखी योजना देशभर करावी असा निर्वाळा दिला होता. हा आयोग नेमला होता तिसऱ्याच, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने. शेवटी कायद्याच्या बाजूने १७७ आणि विरुद्ध फक्त २ मते पडली. १९७२ पर्यंत सगळे प्रांत योजनेत आले. डग्लस कधीच पंतप्रधान झाले नाहीत. त्यांची मागणी विरोधकांच्या हातून कायदा झाली, आणि आमच्या मते विरोधी पुढाऱ्याची खरी कसोटी हीच आहे.

तिकडे स्वर्ग उतरला असे मात्र कोणी समजू नये. तज्ज्ञ डॉक्टरकडे जायला तिथे महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. माणसे नाहीत म्हणून खेड्यातले तातडीचे विभाग अधूनमधून बंद ठेवावे लागतात. घरी घ्यायची औषधे त्या कायद्यात बसलीच नव्हती. मधुमेहाच्या औषधांसाठी पुन्हा त्याच पक्षाला, पुन्हा अल्पमतातल्या सरकारवर दबाव आणून, २०२४ मध्ये वेगळा कायदा करून घ्यावा लागला. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या फक्त ७ जागा उरल्या. कामाचे माप मतांत मिळतेच असे नाही. पण इस्पितळाच्या बिलापायी तिथल्या शेतकऱ्याला जमीन विकावी लागत नाही, एवढे खरे.

आपल्याकडचा कागद

डग्लस यांनी १९४४ मध्ये प्रांताची पाहणी करायला डॉ. हेन्री सिगरिस्ट यांना अमेरिकेतून बोलावले होते. हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात आले, सर जोसेफ भोर यांच्या समितीला सल्ला द्यायला. भोर समितीचा अहवाल आला १९४६ मध्ये, म्हणजे स्विफ्ट करंटची योजना सुरू झाली त्याच वर्षी. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे पहिले तत्त्व. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना आपल्याकडे त्याच अहवालातून आली. सल्लागार तोच, साल जवळपास तेच. तिकडे गावे आधीच पट्टी भरत होती, मत देत होती, म्हणून कागदाला पाय फुटले. इकडे कागद दिल्लीतून निघाला आणि खाली येता येता इमारतीच्या कंत्राटापाशी थांबला.

नंतर आपल्याकडे विमा योजना आली. आंध्रातल्या २००७ च्या आरोग्यश्रीच्या धर्तीवर २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशन कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले गेले. अनेकांची हृदयाची, किडनीची ऑपरेशने तिच्यात झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण योजना लागू होते ती यादीतल्या आजाराला, यादीतल्या इस्पितळात, भरती झाल्यावर. बीपीची, शुगरची रोजची गोळी तिच्यात नाही. आणि यादीतले इस्पितळ बहुधा शहरात.

आपले मरण मात्र शिवारात असते. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीचे विष चढले किंवा साप चावला तर पहिला तास महत्त्वाचा. त्या तासात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर हवा, अ‍ॅट्रोपिन हवे, सर्पदंशाची लस हवी. पाच लाखांचे कार्ड खिशात असून त्या तासाला ते काही कामाचे नाही.

तेव्हा बैठकीत काय करायचे

सरकारी नियम असा की साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने जिल्हा बैठकीला येण्याआधी आपल्या केंद्रावर जाऊन चार गोष्टी पाहून लिहून आणाव्यात. डॉक्टर किती जागांवर किती आहेत? रात्री कोण असते? सापाची लस आणि अ‍ॅट्रोपिन आज शिल्लक किती? बीपी-शुगरच्या गोळ्या मागच्या महिन्यात किती दिवस नव्हत्या? तिथल्या सिस्टरशी, आशाताईशी भांडायला जाऊ नका. त्याही अपुऱ्या माणसांत ओढाताण करीत आहेत. केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यावर आपल्या गावातले कोण आहे आणि तिची बैठक शेवटची केव्हा झाली, हेही विचारा. ग्रामसभेत हा कागद वाचून ठराव करा.

असे शंभर गावांचे कागद एका ठिकाणी आले की मग विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला बोलवू. त्याला हार घालायची गरज नाही आणि त्याचे भाषणही लांबवू देऊ नये. कागद त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचे: सत्तेत नसताना सभागृहात यासाठी काय करशील, खर्चाचा पैसा कुठून आणशील, आणि तुझा शत्रू हे करायला निघाला तर त्याला मत देशील काय? या तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल त्याला चष्मे वाटू द्यावेत. त्याचा आपल्याला याहून जास्त उपयोग नाही.