अभिजाततेचा अर्ज कोण भरणार?

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रवेशअर्जांची मुदत संपत येते. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली पुण्या-मुंबईकडची एखादी मुलगी त्या अर्जासमोर बसते, तेव्हा पहिला अडसर येतो तो विभागाच्या नावाचाच. तिला अभिजात वाङ्मयाचा अभ्यास करायचा असतो, म्हणून ती ‘क्लासिक्स’ हा विभाग धुंडाळते. तेथे होमर असतो, व्हर्जिल असतो. पाणिनी आणि कालिदास मात्र सापडतात ते बहुधा ‘साऊथ एशियन स्टडीज’ अशा पाटीखाली. ग्रीसची विद्या ती साऱ्या मानवजातीची अभिजात विद्या आणि भारताची विद्या म्हणजे नकाशावरच्या एका प्रदेशाची माहिती! १७८६ साली कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतला ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीत, किंबहुना घडणीच्या दृष्टीने त्यांच्याही वरच्या पाटावर बसवले होते. जवळजवळ अडीचशे वर्षे लोटली, तरी पाश्चात्त्यांच्या पंक्तीत तो पाट काही मांडला गेलेला नाही.

हा निव्वळ नामकरणाचा अपघात आहे असे मानणारे भाबडे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी ऑक्सफर्डच्या बोडेन अध्यासनाचा इतिहास पाहावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील कर्नल जोसेफ बोडेन यांच्या देणगीतून हे संस्कृतचे अध्यासन उभे राहिले आणि १८३२ साली त्यावर पहिली नेमणूक झाली. देणगीचा हेतू मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलेला होता : संस्कृतच्या ज्ञानाने आपल्या देशबांधवांना भारतीयांचे ख्रिस्तीकरण करणे सुलभ व्हावे. १८६० साली त्या अध्यासनावर निवडून आलेल्या मोनियर विल्यम्स यांनी हा हेतू स्वतःच्या संस्कृत-इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवला आहे. तो कोश आजही आपल्या प्रत्येक संस्कृत विद्यार्थ्याच्या हाताशी असतो. प्रस्तावना सहसा कोणी वाचत नाही.

परंतु येथवर संताप व्यक्त करून थांबणे हीच हिंदू समाजाची जुनी खोड आहे. शेल्डन पोलॉक यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९९३ च्या एका निबंधात त्यांनी नाझी काळातील जर्मन प्राच्यविद्येचे धागे संस्कृत परंपरेतील सत्ताविचाराशी जुळवू पाहिले. २००१ साली ‘संस्कृतचा मृत्यू’ या विषयावर त्यांनी दुसरा निबंध लिहिला. आपल्या तथाकथित पुरोगामी विद्वानांनी तो निष्कर्ष डोक्यावर घेतला, त्यात नवल नाही. २०१५ साली मूर्ती अभिजात ग्रंथमालेचे पहिले ग्रंथ प्रसिद्ध झाले, तेही पोलॉक यांच्याच प्रमुख संपादकत्वाखाली. २०१६ साली १३२ भारतीय अभ्यासकांनी त्यांना त्या पदावरून दूर करण्याची मागणी केली. रोहन मूर्ती यांनी ती मानली नाही. निषेध योग्यच होता. पण त्या वेळी एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही : त्या जागी बसवायचे कोणाला?

पोलॉक यांनी हार्वर्डमध्ये ग्रीक घेऊन पदवी मिळवली, १९७५ साली तेथेच संस्कृतमध्ये पीएच.डी. केली, भारतात येऊन पंडितांजवळ शास्त्रे शिकली. त्यांचे निष्कर्ष चुकीचे असतील, तर ते खोडून काढणाऱ्यालाही तेवढेच तप करावे लागेल. ज्याला ग्रीक येते आणि संस्कृतही येते, त्याच्याशी ज्याला केवळ अभिमान येतो त्याने वाद घालायचा, हे युद्ध बरोबरीचे नव्हे.

त्या परक्या अर्जात मागितलेले असते तरी काय? वीस-पंचवीस पानांचा स्वतंत्र संशोधनलेख, संशोधनाच्या हेतूचे निवेदन, मूळ भाषांतील तयारीचा तपशील, जर्मन वा फ्रेंच वाचता येते का याची विचारणा आणि तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे. आपल्याकडे काय आहे? २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठी ‘नेट’चे गुण धरले जाऊ लागले. तीन तास, दीडशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. ज्याला उद्या शारदा किंवा ग्रंथ लिपीतील पोथीचे पाठभेद लावायचे आहेत, त्याची पारख योग्य पर्यायावर खूण करण्यावरून! (आणि तीही परीक्षा १८ जून २०२४ रोजी झाली, ती दुसऱ्याच दिवशी रद्द.)

महाराष्ट्राची याबाबतची जबाबदारी अधिक आहे. दहावीला संस्कृत घेणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळतात, टक्केवारी फुगते, विज्ञान शाखेचा प्रवेश पदरात पडतो आणि ‘रामः रामौ रामाः’ माळ्यावर जाते. देववाणीला आपण गुणांची शिडी केले. ज्या घरांतून पाश्चात्त्य विद्वानांच्या नावाने सर्वांत मोठा शंखध्वनी होतो, त्याच घरांत मुलीने संस्कृतमध्ये पीएच.डी. करते म्हटले की ‘पुढे काय करणार?’ म्हणून सुतकी चेहरे होतात. हे कटू आहे, पण खरे आहे.

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला गेले, ल्यूडर्स यांच्याकडे शिकले, परत आले आणि १९२५ साली भांडारकर संस्थेच्या महाभारत चिकित्सक आवृत्तीची धुरा त्यांनी उचलली. परकी पद्धती शिकून ती स्वदेशाच्या कामी जुंपणे याला म्हणतात. भारतभरच्या पोथ्या जमवून १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे ते काम चालले. सुकथनकर १९४३ सालीच गेले, पण काम थांबले नाही. त्याच पुण्यात डेक्कन कॉलेजने १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम हाती घेतले. त्या कोशाच्या पुढच्या अक्षरांना माणसे कोठून मिळणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. जुन्या मराठीचा सर्वांत उपयुक्त कोश मात्र १९९९ साली प्रसिद्ध झाला तो डॉ. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषी यांच्या संयुक्त नावाने. फेल्डहाऊसबाईंनी महानुभावांच्या ग्रंथांसाठी आयुष्य वेचले, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. खंडोबाच्या उपासनेचा मागोवा घेत धनगरवाड्यांतून हिंडले तेही हायडेलबर्गचे ग्युंथर सोन्थायमर. ‘लीळाचरित्र’ आणि यादवकालीन शिलालेख ज्या भूमीत आहेत, तेथील विद्यापीठांतून तुळपुळ्यांच्या तोडीचे किती अभ्यासक पुढे आले, याचा हिशेब अभिजातपणाचे फलक लावणाऱ्यांनी मांडावा.

आता तर परक्या दारी जाण्याचीही सोय उरेल असे दिसत नाही. केंब्रिजने संस्कृतचा पदवी अभ्यासक्रम २००६ सालीच गुंडाळला. २०२१ साली प्रिन्स्टनने ‘क्लासिक्स’च्या पदवीसाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती काढून टाकली, म्हणजे त्यांना त्यांचेही अभिजात जड झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने कला व मानव्यविद्येच्या अनेक विभागांतील पीएच.डी. प्रवेश २०२६-२७ पुरते थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्या शिकागोत १८९३ साली विवेकानंदांचा आवाज घुमला, तेथेच ही टाळी लागली, हा योगायोग विलक्षण आहे. पाश्चात्त्यांच्या हातची सूत्रे सैल होत असताना ती उचलायला येथे कोणी उभे आहे काय?

पैशाचे निमित्त सांगितले जाईल. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. त्याच दराने एका संशोधकाची पाच वर्षे चालवायची, तर २२ लाख २० हजार रुपये लागतात. महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१८ साली एक लाख रुपयांचे वचन दिले होते, तेही एका लहानशा संस्थानाच्या तिजोरीतून. आज मुंबई-पुण्यातील एखाद्या मोठ्या मंडळाचा दहा दिवसांचा मंडप आणि रोषणाई एवढ्या पैशात उभी राहत नाही. देवस्थानांच्या ठेवी तर त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. येत्या जून महिन्यात, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या आत, यांपैकी एका तरी विश्वस्त मंडळाने जुन्या मराठीसाठी एक आणि संस्कृत पोथ्यांसाठी एक अशा दोन पाच-वर्षीय जागा जाहीर कराव्यात, आणि अर्जात चार पर्यायांऐवजी वीस पानांचा लेख मागावा.