परतलेला प्राणी, न परतलेले पाणी

एखाद्या प्रदेशातून नामशेष झालेली प्रजाती तेथे पुन्हा आणून वसवणे, म्हणजेच पुनःस्थापन, या उपायाला गेल्या तीन दशकांत मोठी प्रतिष्ठा लाभली असून यंदाच्या अंकाचा मध्यवर्ती विषयही तोच आहे. या उपायामागे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये नाव दिलेली ‘कीस्टोन’ प्रजातीची संकल्पना आहे. संख्येने थोडी असूनही जिच्या जाण्याने सगळी परिसंस्था विस्कटते, ती ही कळीची प्रजाती होय.

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत हमखास दाखला दिला जातो तो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा. १९२६ पर्यंत तेथील लांडगे मारून संपवण्यात आले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे तेथे सोडण्यात आले, त्यानंतर एल्क हरणांचे कळप घटले, ओढ्याकाठची विलोची, म्हणजे वाळुंजाच्या कुळातील, झुडपे काही ठिकाणी उंचावली आणि लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहही बदलले, अशी कहाणी जगभर पसरली. एल्क घटण्यात अस्वले, प्यूमा आणि माणसाची शिकार यांचाही वाटा होता, ही बाब त्या कहाणीत मागे पडली.

ओढ्याकाठच्या जमिनीने तर या कहाणीला पुरता दुजोरा दिलेलाच नाही. लांडग्यांविनाच्या सुमारे सत्तर वर्षांत एल्कांनी विलो खुडून काढली, तेव्हा तिच्यावर जगणारा आणि तिच्याच फांद्यांनी ओढ्यावर बांध घालणारा बीव्हर हा कुरतडणारा प्राणी उद्यानाच्या उत्तर भागातून जवळजवळ नाहीसा झाला. बांध मोडले, ओढ्यांनी आपले पात्र खोल कापत नेले आणि भूजल झुडपांच्या मुळांपासून दूर गेले. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ पासून वीस वर्षे चालवलेल्या प्रयोगात काही झुडपांभोवती कुंपण, तर काही ओढ्यांवर कृत्रिम बांध घातले; चराई थांबली आणि पाणीही वर आले, तेथे विलो जोमाने वाढली, परंतु ज्या काठांना हात लावला नव्हता तेथे लांडगे परतूनही ती ठेंगणीच राहिली. ज्या वाटेने परिसंस्था बिघडते त्याच वाटेने ती माघारी येत नाही, हा यातील खरा धडा आहे.

तो महाराष्ट्रालाही लागू पडतो. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी वनक्षेत्रातून दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आल्या. असे उपक्रम स्वागतार्ह असले, तरी त्यांचे यश रेडिओ कॉलरच्या नोंदींत नव्हे, तर पुरेसे भक्ष्य, बारमाही पाणवठे, अखंड संचारमार्ग आणि भोवतालच्या गावांची संमती यांत पाहावे लागेल. अकोले परिसरातील महादेव कोळी समाज वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस पाळतो आणि वाघोबाला नैवेद्य दाखवून गुराढोरांच्या रक्षणाचे मागणे मागतो; वाघ शेजारी असणार, हे तेथे गृहीत धरलेले असते. मात्र गोठ्यातले जनावर गेल्यावर भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले, तर अशी श्रद्धाही फार काळ तग धरणार नाही. म्हणून पुनःस्थापनाच्या प्रत्येक आराखड्यात प्राण्याच्या वाहतुकीइतकीच तरतूद पाण्यासाठी, गवतासाठी आणि गुराख्यासाठी असावी, ही या अंकाची भूमिका आहे.