भिंतीची उंची कोणी ठरवावी?

एखादे साहित्य परदेशात उत्तम ठरले म्हणजे ते आपल्या गावीही तसेच ठरेल, अशी समजूत घर बांधू पाहणाऱ्या मनुष्याची सहज होते. परंतु साहित्याचे गुण जागेपासून वेगळे काढता येत नाहीत. ते कोठे वापरावयाचे आणि कशासाठी, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. उष्णतारोधक फर्म्यातील काँक्रीटची भिंत आणि कुंभकोणम् येथील तळघर या दोहोंची सांगड घालताना हा विचार किती अगत्याचा आहे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ही भिंत कशी असते ते पाहू. फुगविलेल्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे ज्यास आपण थर्मोकोल म्हणतो त्याच्या, दोन जाड फळ्या आडव्या बंधांनी जोडून पोकळ ठोकळे तयार करतात. ते एकावर एक रचून पोकळीत सळया बसवितात आणि काँक्रीट ओततात. साधा फर्मा काँक्रीट घट्ट झाल्यावर काढून घेतात; हा मात्र भिंतीतच राहतो व तिचे पांघरूण बनतो. 1966 च्या सुमारास कॅनडातील वर्नर ग्रेगोरी या बांधकाम व्यावसायिकाने ही कल्पना पुढे आणली. तेथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो. मग त्या खोलीत तळघर करणे ओघानेच येते, आणि ते उबदार ठेवण्यासाठी उष्णतारोध लागतो. त्या देशाच्या गरजेतून ही भिंत निर्माण झाली आहे.

ठोकळ्याची प्रचलित उंची 16 इंच, म्हणजे सुमारे 40.6 सेंटिमीटर असते. सहा थरांची भिंत 2.44 मीटर होते, सात थरांची 2.84 मीटर. मालकास 2.60 मीटर हवी असेल तर सातवा थर 24 सेंटिमीटर कापावा लागतो, किंवा पाया अथवा जमिनीची पातळी बदलावी लागते. हे काम कठीण नाही. कठीण गोष्ट निराळीच आहे. ‘आणखी एक थर चढविला तर काय बिघडले?’ असा प्रश्न येथे सहज निघतो. आणि त्याचे उत्तर ठोकळ्यात नसून भिंतीमागील मातीत व पाण्यात असते.

समजा, भिंतीबाहेर जमिनीपर्यंत पाणी भरले आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दोन मीटर खोल भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण रेटा सुमारे 2 टन पडतो. खोली तीन मीटर केली तर तो 4.5 टन होतो. उंची दीडपट झाली, पण रेटा सव्वादोन पट झाला. आणि भिंतीच्या तळाशी तिला वाकवू पाहणारे बल-आघूर्ण जवळजवळ साडेतीन पट झाले. मातीचा रेटा याहून वेगळाच धरावा लागतो. शिवाय पाणी तळाखालूनही वर ढकलते. पाण्याच्या पातळीखाली दोन मीटर असलेल्या, दहा मीटर लांब व तितक्याच रुंद तळघरास 200 टनांचा उचल बसतो. वरचे घर हलके असेल तर ते तळघर होडीप्रमाणे तरंगू पाहील.

आता कुंभकोणम् कडे वळू. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार आणि मध्ये गाळाच्या जमिनीवर हे नगर वसलेले आहे. आसपास भाताची शेते व कालवे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. अशा भूमीत पाणी जमिनीच्या पृष्ठापासून फार दूर नसते. बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् उत्सवाचे तळे व त्यातील विहिरी हेच सांगतात. म्हणून येथील जुन्या घरांनी खाली जाण्याऐवजी उंच जोते आणि रस्त्यालगतचा ओटा पत्करला. गणितज्ञ रामानुजन् ज्या सारंगपाणि सन्निधी रस्त्यावरील घरात वाढले, तेथेही असाच ओटा आहे. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर या प्रांतात स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांनीही येथे स्थानिक घरबांधणीच स्वीकारली. 1828 साली कुंभकोणम् येथे जन्मलेले दिवाण सर टी. माधवराव याच मराठी समाजातील होत.

महाराष्ट्रातही हा धडा आहे. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्याची जमिनीतील पेवे प्रसिद्ध होती. तेथील माती घट्ट व कोरडी म्हणून ती टिकली. 2005 च्या महापुरात पाणी शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. जमिनीखालील कोठारास शत्रू एकच, तो म्हणजे पाणी.

बरे, कुंभकोणम् येथे उष्णतारोधाने तळघरात लाभ किती? काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे येथे सुमारे 28 अंश सेल्सियस असते. घरास खरी झळ लागते ती छपरातून. तेव्हा तोच खर्च छपरावर करणे शहाणपणाचे. त्यातच वाळवी जमिनीखालील फळ्यांतून वाट काढीत वर येते व बाहेरून दिसत नाही.

अग्नीचा विचार तर टाळताच येणार नाही. 16 जुलै 2004 रोजी याच नगरातील एका शाळेच्या शाकारलेल्या छपरास आग लागून 94 मुले मृत्यू पावली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. पॉलिस्टायरीन तापताच वितळते आणि दाट धूर सोडून जळते. अग्निरोधक द्रव्य मिसळले तरी ते दगड होत नाही. म्हणून खोलीच्या बाजूस ते गिलाव्याने वा जिप्समच्या फळीने झाकणे आवश्यक असते. जेथे मुले बसतात तेथे हे आवरण ऐच्छिक मानणे अक्षम्य होय.

कोणी म्हणतील, नगरात जागा महाग झाली. तळघर नको म्हणून कसे चालेल? हा आक्षेप रास्त आहे. जेथे तळघर खरोखरच हवे, तेथे हा फर्मा निषिद्ध नाही. मात्र क्रम सोडू नये. प्रथम ऐन पावसाळ्यात भूजलाची पातळी मोजावी. मग मातीची परीक्षा करून अभियंत्याकडून भिंतीची जाडी व सळया ठरवाव्या. जलरोधक लेप व निचरा योजावा. उचल तोलून धरण्याइतके वजन आहे की नाही ते पाहावे. काँक्रीट एकदम न ओतता थराथराने ओतावे, नाहीतर ओल्या काँक्रीटच्या दाबाने फर्मा फुटतो. ठोकळा निवडणे ही यातील शेवटची पायरी आहे.

आमचे मत असे की, कुंभकोणम् सारख्या नदीकाठच्या नगरात सामान्य कुटुंबाने तळघराची उंची वाढविण्याऐवजी जोते उंच करावे आणि छप्पर थंड करावे. नव्या साहित्यास विरोध करणे हा विज्ञानाचा मार्ग नव्हे; पण ठोकळ्याच्या मापावरून भिंतीची उंची ठरविणे हाही त्याचा मार्ग नव्हे. भिंतीची उंची आधी पाण्याने ठरवावी, मग मातीने, नंतर मनुष्याच्या गरजेने. ठोकळ्याने केवळ आज्ञा पाळावी.