कोनशिला आणि रंगाचा हात

रामेश्वरमला मुख्य भूमीशी जोडणारा १९१४ चा पांबन रेल्वेपूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांना बंद झाला. खाऱ्या वाऱ्याने त्याचे लोखंड पोखरले होते. एप्रिल २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलाला म्हणूनच पॉलिसिलोक्सेनचा लेप व न गंजणाऱ्या पोलादाच्या सळया दिल्या आहेत. हे शहाणपण स्वागतार्ह आहे. परंतु कोणताही लेप चिरंतन नसतो, आणि तेथेच सरकारी हिशेबाची रीत आड येते. नवा पूल हा भांडवली खर्च. त्याचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. जुन्यावरील रंगाचा हात मात्र महसुली खर्चात मोडतो, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावर पडते. (रंगाऱ्याच्या नावाची कोनशिला कोणी पाहिली आहे?) वस्तुतः लेपामुळे मालमत्तेचे आयुष्य वाढते. तेव्हा पुलाच्या संपूर्ण आयुष्यातील रंगकामाची तरतूद अंदाजपत्रकात दाखविल्याखेरीज बांधकामाला मंजुरीच देऊ नये.