गाडी वळताना वाजते तेव्हा

आज या पानावर स्वयंपाकघर बाजूला ठेवून दारातल्या गाडीविषयी लिहीत आहोत. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली जुनी छोटी गाडी आता आपल्या पुष्कळ घरांपुढे उभी असते. स्टेअरिंग फिरवताना ती वाजू लागली की घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, जुनी आहे, वाजणारच. दुसरा म्हणतो, विकून टाका. दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलेले नसते. आम्हीही पाहिले नव्हते.

आम्ही दुधनीला राहतो. आमची मारुती ८०० दुसऱ्याच्या हातची. थोरल्या अक्काला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अक्कलकोटमार्गे सोलापूरला न्यायचे ठरले होते. त्याआधी पंधरा दिवस मार्केट यार्डाच्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवले की पुढून कट्-कट्-कट् असा आवाज येई. एका मिस्त्रींना दाखवले. त्यांनी उभ्या उभ्या सांगितले, "स्टेअरिंगचा अख्खा रॅक बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गुपचूप घरी आलो. आधी डोळ्याचा खर्च, मग गाडीचा. आवाज काय, फक्त वळणावर येतो, असे म्हणून मनाची समजूत घातली.

निघण्याच्या आदल्या दिवशी अक्का गाडीत शेजारी बसली होती. तिला धूसर दिसते, पण कान तिखट. ती म्हणाली, "ह्यो एक आवाज न्हाई रे, दोन हायती. एक वळताना कटकट करतोय. दुसरा खड्ड्यात ठक् करतोय, हितं माझ्या पायाखाली." आम्ही पुन्हा फेरी मारली. खरेच दोन होते. मोठ्या आवाजामुळे बारका आवाज आम्हाला ऐकूच आला नव्हता.

मग दुसऱ्या, जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी प्रश्न विचारले. आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या? वळताना की खड्ड्यात? डावीकडे की उजवीकडे? आमच्या मते अर्धे निदान याच प्रश्नांत असते. मिस्त्रींकडे जाण्यापूर्वी प्रत्येकाने ही उत्तरे घरीच तयार ठेवावीत.

त्यांनी समजावले ते असे. अँबॅसडर, पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जात. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० पुढच्या चाकांनी ओढली जाते. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची रचना तीच आहे. पुढची चाके ओढतातही आणि वळतातही, म्हणून एक्सलच्या टोकाला सर्व बाजूंनी फिरणारा जॉइंट असतो. त्यावर रबरी बूट आणि आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस उडून जाते, माती शिरते, जॉइंट झिजतो आणि वळणावर कट्-कट् सुरू होते. आमच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले स्पष्ट दिसत होते. रॅक ठणठणीत होता.

मग त्यांनी पुढचे चाक जॅकवर उचलले, डाव्या-उजव्या कडेला धरून हलवले. खट् आवाज झाला आणि चाक हातात हलले. रॅकची ओढ चाकापर्यंत पोहोचवणारा टाय रॉड एंड सैल झाला होता. अक्काचा ठक् तो हाच. मिस्त्री म्हणाले, "कटकट करणारा जॉइंट आधी बोंब मारतो. हा मात्र एकदा निसटला की चाक तुमचं ऐकत नाही."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी दारातच ठेवली आणि अक्काला दुधनी स्टेशनवरून रेल्वेने सोलापूरला नेले. परत आल्यावर आधी टाय रॉड एंड बदलला, नटाला नवी स्प्लिट पिन घातली आणि चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. या कामानंतर अलाइनमेंट टाळू नये. टायर एका बाजूने झिजतात. एक्सलचा जॉइंट पुढच्या महिन्यात, हाती पैसे आल्यावर. तोवर गाडी गावाबाहेर काढली नाही.

इतर आवाजांचीही ओळख असावी. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कर्र् वाजून स्प्रिंग उसळल्यासारखी वाटली, तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचे बेरिंग पाहावे. वेगाबरोबर घूं-घूं वाढत गेली आणि एका बाजूला वळताना जास्त झाली, तर चाकाचे बेरिंग. तेलावर चालणारे पॉवर स्टेअरिंग वळताना कण्हू लागले, तर तेल कमी झाले असेल. किंचाळले, तर पट्टा सैल. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगला तेल नसते, तेव्हा त्यात तेल भरायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघावे. पावसाळ्यात काळी चिकट माती आणि खडे चाकाच्या आत अडकूनही घासल्याचा आवाज येतो. आधी चाके धुऊन पाहावीत. तो इलाज फुकटचा आहे.

एक सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. सपाट जागा, ओढलेला हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि गाडीखाली भक्कम आधार, एवढे तरी हवेच. चाकाला ढिलाई आढळली तर गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नये. मिस्त्रींना घरी बोलवावे.

अक्काला आता स्वच्छ दिसते. तरी आम्ही गाडीत बसताना तिला विचारतो, "अक्का, काय ऐकू येतंय का?" ती म्हणते, "तुझी बडबड थांबली तर ऐकू यील." बरोबर आहे तिचे. महिन्यातून एकदा तरी टेप बंद करून, काचा खाली घेऊन गाडी हळू चालवावी आणि घरातल्या सगळ्यांनी ऐकावे.